‘खरा मी’ शोधायचा म्हणजे घर-शेती सोडायची का? (युंग, मुखवटा वगैरे)

तापीकाठचा
राम राम मंडळी. रावेर तालुका, केळीची बाग, चाळिशी ओलांडलेली. वडील गेले तेव्हापासून घराचा कर्ता मी. माझ्याहून वयाने मोठी माणसंही गावात मला अण्णा म्हणतात आणि मी तसाच वागतो. कमी बोलायचं, हिशोब चोख ठेवायचा, कुणाच्या वरातीत नाचायचं नाही.

मोबाइल उघडला की हल्ली एकच सल्ला: स्वतःला ओळखा, खरे व्हा. शेवटी एका मोठ्या शहरातल्या शनिवार-रविवारच्या शिबिराला जाऊन आलो. फी सांगत नाही, हसाल. तिथल्या साहेबांनी प्रत्येकाला स्वभाव लिहून दिला. माझ्या कागदावर होतं, ‘बाहेरून तुम्ही शिस्तीचे आणि ठाम दिसता, आतून मात्र काळजी करता, असुरक्षित असता.’ वाचून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मग ते म्हणाले, युंग नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या मते हा तुमचा मुखवटा आहे, फेकून द्या, आत खरा माणूस वाट बघतोय.

आता मला सांगा, मुखवटा फेकला तर बऱ्हाणपूरचा भाव बघून व्यापाऱ्याशी घासाघीस कोण करणार? रात्री लाइट आली की मोटार चालू करायला कोण उठणार? आत जो वाट बघतोय त्याला पिलबागेतलं (जुन्या केळीच्या पिलांवर घेतलेल्या बागेतलं) काही कळतं का? टिंगल करत नाहीये. युंग खरंच असं म्हणाले होते का, एवढंच विचारायचंय.

शंकासुर
फी परत मागा.

१९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात ‘हा तुझा अहवाल’ म्हणून कागद ठेवला. किती जुळतोय त्याला ५ पैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता, तोही बराचसा बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. त्या कागदावरचं एक वाक्य: बाहेरून शिस्तीचे, आतून काळजीखोर आणि असुरक्षित. ओळखीचं वाटतंय का, अण्णा?

तापीकाठचा
आई शप्पत.

खापरावरची_पुरी
वाचतोय. चहा घेऊन बसलोय.

रोहिणी_भुसावळ
शंकासुर, झेल बरोबर घेतलात. पण शिबिरवाल्याने युंगचं नाव वापरलं म्हणून युंग बाद होत नाही. मी भुसावळला समुपदेशनाचं काम करते, सवडीने लिहिते. लांबेल.

कार्ल गुस्टाव्ह युंग, जन्म १८७५, स्वित्झर्लंड. १९०० साली झ्युरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात ऑयगेन ब्लॉयलर यांच्या हाताखाली लागला. तिथे त्याचं नाव झालं ते एका अगदी कोरड्या प्रयोगाने. शंभर शब्दांची यादी आणि एक स्टॉपवॉच. डॉक्टर एक शब्द म्हणणार, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. बहुतेक शब्दांना उत्तर पटकन येतं. मध्येच एखाद्या साध्या शब्दाला माणूस अडखळतो, हसतो, तोच शब्द परत म्हणतो, किंवा दुसऱ्या फेरीत आधीचं उत्तर विसरतो. अशा अडखळण्याच्या जागा एकत्र मांडल्या की एखादी दुखरी गाठ दिसायला लागते. तिलाच पुढे कॉम्प्लेक्स म्हणायला लागले, आपण गंड म्हणतो. डेप्थ सायकॉलॉजीचा, म्हणजे मनाच्या खोल थरांच्या अभ्यासाचा, पाया तो एवढाच: मनात माझ्या इच्छेशिवाय काहीतरी चालू असतं आणि ते माझ्या बोलण्यात लुडबुड करतं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड त्याच दिशेने येत होता. दोघं जवळ आले आणि १९१३च्या सुमारास कायमचे दुरावले.

आता मुखवटा. युंग त्याला पर्सोना म्हणतो. हा शत्रू आहे असं तो कुठेही म्हणत नाही. समाज आणि माणूस यांच्यातली ती तडजोड आहे, आणि ज्याला ती जमत नाही त्याचे हालच होतात. बिघडतं कधी, तर माणूस स्वतःलाच तो मुखवटा समजायला लागतो तेव्हा. अण्णा म्हणून वागणं ठीक आहे. झोपेतही अण्णाच, बायकोशी बोलतानाही अण्णाच, तर बघायला हवं.

मुखवटा फेकणाऱ्यांबद्दलही त्याने लिहिलंय. माणूस मोठ्या आवेशात सगळं सोडतो, आपटतो, आणि मग घाबरून आधीपेक्षा लहान भूमिकेत जाऊन बसतो. असे लोक मी पाहिलेत. शिबिराहून आल्यावर राजीनामा, वर्षाच्या आत मेहुण्याच्या दुकानात हिशोबाला.

त्याने ज्याला इंडिव्हिज्युएशन म्हटलं ते फार संथ काम आहे. आपण स्वतःतलं जे जे नाकारलं ते एकेक करून ओळखायचं, आणि ते आपलंच आहे हे मान्य करून पुन्हा त्याच घरात राहायचं. चाळिशीच्या आसपास या कामाचा तगादा सुरू होतो असं त्याचं निरीक्षण होतं. तोवर आपण उभं राहण्यातच गुंतलेले असतो.

तुम्हाला शिबिरापेक्षा स्वस्त प्रश्न देते. कुणाचा राग येतो? साधा नाही, प्रमाणाबाहेर. ज्याचं नुसतं नाव निघालं तरी जेवण कडू होतं असा कोण?

जिभाऊ_साक्री
काबरं भाऊ, मुखवटा काढी टाका म्हंजे तोंड नवं येस का?

शिक्षक होतो, आता निवृत्त. पण ताईंचं बरोबर आहे. आमच्या सौ. अजून म्हणतात, घरात येताना हजेरी घेत येऊ नका.

लहानपणी पाहिलेला आमच्याकडचा भोवाडा सांगतो. रात्रभर एकेक सोंग येतं. गणपती, सारजा, राक्षस, देवी. लाकडी मुखवटा डोक्यापेक्षा मोठा, आतून घामाने ओला, डोळ्यांच्या भोकातून समोरचं जेमतेम दिसतं, म्हणून शेजारी दोघं धरायला लागतात. देवीचं सोंग घेणाऱ्याच्या अंगात येतं, तेव्हा पाया पडणाऱ्यांत त्याचा बापही असतो. सकाळी तोच पोरगा विहिरीवर तोंड धुताना दिसायचा आणि बाप त्याच्यावर खेकसायचा, बैलं सोडली का म्हणून. ज्याने सोंग घेतलं त्याला ठाऊक असतं की ते उतरवायचं आहे. आम्हा मास्तर लोकांचं सोंग उतरवायला कुणी आलंच नाही.

सातपुड्याची
जिभाऊ, तुमचं छान आहे, पण एक खटकतं ते लिहिते. मी धडगावकडची, पावरा समाजाची, शाळेत शिकवते. आमच्या होळीत बावा, बुध्या होतात. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू. शहरातून कॅमेरे घेऊन लोक येतात आणि खाली लिहितात, ‘आदिम मुखवटे’. ते नवसाने होतात. पाळणी असते: जमिनीवर झोपायचं, खाटेवर बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही, बायकोपासून दूर राहायचं. गावासाठी घेतलेला नेम आहे तो. ‘आतला मी बाहेर काढतोय’ असं त्यातल्या कुणाला विचाराल तर हसेल.

युंग मी थोडा वाचलाय. आमच्यासारख्यांना तो सरळ ‘प्रिमिटिव्ह’ म्हणतो, आणि आमचे सण म्हणजे युरोपी माणसाच्या नेणिवेचा जिवंत नमुना असं त्याला वाटतं. आफ्रिकेत काही महिने फिरला, अमेरिकेत तिथल्या मूळनिवासी प्युब्लो लोकांना भेटला आणि केवढे सिद्धान्त मांडून मोकळा झाला. त्याचं घ्यायचं ते घ्या. आमची होळी त्याच्या पुस्तकातलं चित्र नाही.

रोहिणी_भुसावळ
मान्य. पूर्ण मान्य. ही टीका त्याच्यावर अभ्यासकांनीही केली आहे आणि ती पुसून टाकता येत नाही.

जिभाऊ_साक्री
पोरी, बरोबर बोललीस. मी काय म्हनस, भोवाड्याचंही तसंच आहे. तोही आधी गावाचा, मग कुणा एकाचा.

तापीकाठचा
ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लगेच आलं, पण लिहायला दोन रात्री लागल्या.

धाकटा भाऊ. कीबोर्ड वाजवतो, लग्नाच्या बँडमध्ये. ऐन उन्हाळ्यात, बागेला पाणी कमी पडायला लागतं आणि वादळाची भीती असते, तेव्हा हा अहिराणी गाण्यांवर वराती नाचवत फिरतो. पहाटे येतो, अंगाला अत्तराचा आणि डिझेलचा वास, अकरापर्यंत झोपतो. पैसे घरात देतो, नाही असं नाही. पण त्याचा हसण्याचा आवाज ओट्यावरून आला तरी माझं डोकं फिरतं. परवा नुसता बुटावर ताल धरून बसला होता तर मी ओरडलो. आई म्हणाली, त्याने काय केलं रे? मला सांगता येईना.

हा रागच माझा आहे म्हणायचं का? तो आळशी आहेच की!

रोहिणी_भुसावळ
असेलही आळशी. प्रक्षेपणाबद्दल हाच गैरसमज जास्त होतो. आपण आपल्यातली नको असलेली गोष्ट दुसऱ्यावर टाकतो तेव्हा ती टांगायला त्याच्याकडे काहीतरी खुंटी असतेच. भावाकडे आहे. त्याने खताला हात लावला नाही याचा राग त्याच्या खात्यावर. पण बुटावरच्या तालाचा राग त्याच्या खात्यावर बसत नाही. तेवढी जी वरची रक्कम उरते ती आपली. युंगने तिला छाया म्हटलं, आणि त्यात फक्त वाईटसाईट असतं असं नाही. जे करायला मुभा नव्हती ते सगळं तिथे जाऊन पडतं.

तुम्ही कधी वाजवायचात का काही? उत्तर इथे द्यायलाच हवं असं नाही.

तापीकाठचा
नववीत लेझीम पथकात हलगी. वडिलांनी बंद केली. एवढंच.

माहेरवाशीण
धुळ्याहून. इतका वेळ गप्प वाचत होते, आता राहवत नाही.

अण्णा, तुमचा प्रश्न खरा आहे, पण मुखवटा ठेवू की फेकू हे विचारायला हातात सात-बारा लागतो. बाईला कोण विचारतं? आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात. झाडाला झोका, गौराईची गाणी, आणि त्या गाण्यांत सासूला, नणंदेला, नवऱ्याला काय काय ऐकवलेलं असतं ते पुरुषांनी नीट ऐकलेलंच नाही. दोन-चार दिवस मोठ्याने हसायचं, उन्हात फिरायचं, मग पिशवी भरून परत. माझ्या एका मावशीचा चेहरा बस स्टँडवर गाडी लागली की बदलायचा. बघता बघता. डोक्यावर पदर यायच्या आधी चेहरा यायचा. तिला ‘तुझा पर्सोना फार घट्ट बसलाय’ म्हणणं हा चावटपणा झाला असता.

शिवाय युंग बायकांबद्दल काय लिहितो तेही सांगा. बाईच्या मनात पुरुषी ‘अॅनिमस’ असतो आणि तो जोरात आला की ती हटवादी मतं मांडायला लागते. म्हणजे बाई वाद घालायला लागली की तो तिचा आजार!

शंकासुर
+१. आणि हे तपासणार कसं? सगळ्या माणसांत एक सामायिक नेणीव असते असं युंग म्हणतो, ती सामूहिक नेणीव आहे की नाही हे कोणत्या प्रयोगाने ठरवणार? कंपन्यांत त्या चार अक्षरांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या घेतात त्याही युंगच्या १९२१च्या प्रकारांवरून निघालेल्या. तोच माणूस काही आठवड्यांनी परत बसला की बऱ्याचदा अक्षरं बदलतात. मला केळीच्या करप्याचं औषध द्यायचं असेल तर आधी प्लॉट पाडून चाचणी घेतात. मनाच्या औषधाला ती सूट का?

रोहिणी_भुसावळ
दोघांनाही एकत्र.

माहेरवाशीण, अॅनिमसबद्दलचं त्याचं लिखाण जुनाट आहे आणि आजचे बरेच युंगवादी ते तसंच्या तसं घेत नाहीत. तुमच्या मावशीसाठी मला डोनाल्ड विनिकॉट जास्त उपयोगी वाटतो. लंडनचा बालरोगतज्ज्ञ, नंतर मनोविश्लेषक. १९६०च्या लेखात त्याने ‘खरा स्व’ आणि ‘खोटा स्व’ अशी मांडणी केली, आणि त्याचं म्हणणं असं की खोटा स्व पहारेकरी असतो. आईला किंवा घराला मुलाचं खरं वागणं सोसत नाही, तेव्हा मूल घराला हवं तसं वागायला शिकतं, आणि खरं काहीतरी आत सुरक्षित ठेवतं. बस स्टँडवरचा तो चेहरा मावशीला सांभाळत होता. पहारा कुणी ओढून काढायचा नसतो. ज्याची भीती होती ती कमी झाली तर तो आपोआप सैल होतो. म्हणजे सासर बदलायला हवं, नुसती मावशी नाही. हे मानसशास्त्राच्या पुस्तकात कमी सापडतं हेही कबूल.

शंकासुर, सामूहिक नेणीव प्रयोगात बसत नाही, बरोबर. मी ती विज्ञान म्हणून कुणाला विकत नाही. पण या घराण्यातून आलेल्या सायकोडायनॅमिक उपचारांवर, म्हणजे मनात दडलेलं बोलून उलगडण्याच्या उपचारांवर, अभ्यास झालेत. जोनाथन शेडलर यांनी २०१० साली त्यांचा आढावा घेतला, फायदा दिसतो आणि उपचार संपल्यावरही टिकतो असं मांडलं. त्यावर वादही झाले. सीबीटीवरचं, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या उपचारावरचं, संशोधन याहून कितीतरी जास्त आहे, आणि पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके), ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती) असेल तर मी आधी तिकडेच पाठवते.

अमळनेरकर
विषयांतर करतो, रागावू नका.

आमच्या अमळनेरात गिरणीमालक प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं ते साल १९१६. देशभरातून वेदान्ताचे अभ्यासक इथे येऊन राहत, खायची-राहायची सोय, काम एकच: विचार करा. त्याच १९१६ साली झ्युरिकमध्ये युंगच्या मंडळींचा सायकॉलॉजिकल क्लब सुरू झाला, तोही एका श्रीमंत बाईंच्या, अमेरिकेतल्या तेलसम्राट रॉकफेलरांच्या लेकीच्या पैशावर. ‘मी कोण’ हा प्रश्न विचारायलाही कुणीतरी गिरणीवाला किंवा तेलवाला पाठीशी लागतो, हे माझं जुनं मत.

युंग १९३७ च्या शेवटी भारतात आला होता, सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाला. अलाहाबाद, बनारस, कलकत्ता अशा तीन विद्यापीठांनी मानद पदव्या दिल्या. कलकत्त्यात आमांश होऊन इस्पितळात पडला. रमण महर्षींना भेटायची संधी असून गेला नाही. त्याचा ‘सेल्फ’ (जाणीव-नेणीव मिळून होणारं पूर्ण व्यक्तिमत्त्व) आणि आपला आत्मा एकच, असं इथे लोक बिनदिक्कत लिहितात. तो स्वतः जपून होता, मी अनुभवात दिसतं तेवढ्याबद्दल बोलतो म्हणायचा, आणि युरोपीय माणसाने योगाची नक्कल करू नये असं बजावायचा. आपणही उलट्या बाजूने तेवढंच जपावं. फ्रॉइड मात्र आपल्याकडे फार आधी पोचला होता, कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली मनोविश्लेषणाची संस्था काढली. मुंबई-पुण्यात तेव्हा काय चाललं होतं कुणास ठाऊक.

खापरावरची_पुरी
अमळनेरकर, विषयांतरच आवडलं.

शंकासुर
अण्णांचा प्रश्न राहिला की. युंगने स्वतः मुखवटा फेकला होता का?

रोहिणी_भुसावळ
नाही! हेच सांगायचं राहून गेलं होतं.

फ्रॉइडशी फाटल्यावर १९१३ पासून काही वर्षं युंगची अवस्था फार वाईट होती. दिवसाढवळ्या दृश्यं दिसायची, त्यातल्या माणसांशी तो बोलायचा आणि ते काळ्या वह्यांत उतरवायचा. पुढे सुंदर अक्षरात, रंगीत चित्रं काढून ते एका लाल कातडी बांधणीच्या जाड ग्रंथात उतरवत राहिला. तो मेला १९६१ साली, आणि ग्रंथ छापून आला २००९ साली. आता या सगळ्या काळात तो काय करत होता? रोज रुग्ण तपासत होता. पाच मुलांचा बाप होता. पहिल्या महायुद्धात स्विस सैन्यात डॉक्टर म्हणून ड्यूटी करत होता. पुढे त्याने सांगितलंय की मला डॉक्टरकीचा दाखला आहे, बायको-मुलं आहेत, माझ्या घराचा पत्ता अमुक आहे, हे स्वतःला बजावत राहिलो म्हणून वाहून गेलो नाही. खोल उतरणारा माणूस काठावरचा दोर सोडत नाही. रात्रीची मोटार चालू करायला उठणारे अण्णा हा तुमचा दोर आहे. शिबिरवाल्याने तोच सोडायला सांगितला.

आणि म्हणूनच सगळ्यांना सांगते, डोळे मिटून दृश्यं बघत बसण्याचे प्रयोग घरी एकट्याने करू नका. आवाज ऐकू येत असतील, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर स्वप्नांची वही बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ. फोनवर बोलायचं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचारायची लाज वाटू देऊ नका. जळगाव-धुळ्यात असे लोक मोजकेच आहेत, नंदुरबारला त्याहून कमी, आणि ती पोकळी शिबिरवाले भरतात.

तापीकाठचा
स्वप्नाचं लिहिलंत म्हणून. परवा पडलं. वरात चाललीय, मी खांद्यावर केळीचा घड घेऊन नाचतोय. घड ठेवायला जागा नाही. मागून ट्रकवाला हॉर्न देतोय. अर्थ काय?

खापरावरची_पुरी
केळी स्वप्नात दिसली की धनलाभ.

रोहिणी_भुसावळ
त्या स्वप्नफळांच्या पुस्तकांपासून लांब राहा बुवा. अर्थ मी सांगणार नाही, इथे तर नाहीच. उठल्या उठल्या घरच्या बोलीत लिहून ठेवा. मग एकेका गोष्टीशी थांबा. घड केवढा, कच्चा की पिकलेला, वरात कुणाची, ट्रकवाल्याचा चेहरा कुणासारखा. जिथे अडखळाल तिथे खूण करा. शंभर शब्दांच्या यादीचंच ते घरगुती रूप आहे.

तापीकाठचा
वरात कुणाची ते दिसलं नाही. घडाला वजनच नव्हतं. मी मात्र वजन असल्यासारखा वाकलो होतो.

भावाशी काही मोठं बोलणं झालेलं नाही, उगीच कुणी टाळ्या वाजवू नका. काल त्याला खताच्या हिशोबाला बसवलं, त्याने दोन चुका केल्या, मी ओरडलो. पण तो राग खताचाच होता. फरक मला कळला, त्याला कळला की नाही माहीत नाही.

माहेरवाशीण
आणि वहिनी काय म्हणतात या सगळ्यावर? एवढ्या पोस्टी झाल्या, त्यांचं एक वाक्य नाही.

तापीकाठचा
खरंय. विचारलं. म्हणाली, मलाही एक वही आणून द्या. दोनशे पानी आणून दिली. रोज भांडी आवरल्यावर काहीतरी लिहिते. दाखवत नाही.

रोहिणी_भुसावळ
मागू नका.

माहेरवाशीण
मागू नका आणि चोरूनही बघू नका. त्या लिहीत बसतील तेवढा वेळ दूध तापवून ठेवा, उतू जाऊ देऊ नका.